नागाच्या बरणीतले धुके

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. लोणच्याची असते तर माझी कहाणी तुम्ही जिभल्या चाटत ऐकली असती. पण माझ्या नशिबी आंबा आला नाही, नाग आला.

ग्वाल्हेरच्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी उभी हयात गेली. माझ्या पोटात औषधी पाण्यात बुडवलेला एक मेलेला नाग वेटोळे घालून बसलेला असे. त्याचे डोळे दुधाळ निळसर झाले होते. मुले यायची, माझ्या जाड काचेवर बोटाने टकटक करायची आणि "हलला, हलला!" म्हणून एकमेकांना घाबरवायची. नागपंचमीला कोणीतरी गुपचूप माझ्या झाकणावर हळदकुंकवाचे बोट उमटवून जाई. मला तो माझा मान वाटायचा आणि भीतीही वाटायची. कारण नाग हलत नसे हे खरे, पण सगळे घरी गेले की काहीतरी माझ्या काचेला आतून टेकून बसायचे.

पुढे तो नाग खराब झाला आणि फेकला गेला. मीही भंगारात जायची, पण तिथे शिकवणाऱ्या रमाकांत सरांनी निवृत्त होताना मला मागून घेतले आणि शहरातल्या सिटी सेंटर भागातल्या आपल्या घरी आणले. त्यांनी मला पुन्हा पुन्हा धुतले, उन्हात ठेवले, नाक आत घालून हुंगले. शेवटी वास गेला. आत जो बसायचा तो गेला की नाही, हे नाकाला कसे कळणार?

मग मी कपाटावर धूळ खात पडले. सरांची मुलगी निवेदिता हिने एक छोटा अजगर पाळला होता. परदेशी जातीचा, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंदवलेला. घाबरला की अंगाचा गोळा करून बसायचा, म्हणून त्याचे नाव गुंडू. सरांच्या बहिणीला, वनमालाताईंना, त्याचे नाव काढले तरी शिसारी यायची. त्या गुंडूच्या खोलीचा उंबरठा म्हणून ओलांडत नसत.

मे महिना होता. लू अशी वाहत होती की वाळत घातलेली चादर दोरीवरच कडक व्हायची. गुंडूची कात टाकायची वेळ जवळ आली होती. मागच्या खेपेला कोरड्या हवेने त्याची कात तुकड्यातुकड्यांनी सोलली होती. या खेपेला डोळ्यांवरचा पापुद्रा अडकून राहिला तर त्याची नजरच जाईल, या काळजीने निवेदिताचे जेवणात लक्ष नव्हते.

"बाबा, ह्याला नमी पायजे. बाटलीनं पानी शिंपडून कुछ होत नाहीये."

"मग मशीनच बनवू की," सर म्हणाले आणि त्यांची नजर कपाटावर गेली.

मला प्लॅस्टिकचे नवे झाकण बसले. त्याला दोन भोके पाडली. एकावर जुन्या संगणकातला छोटा पंखा बसवला, दुसऱ्यातून नळी काढून थेट गुंडूच्या काचेच्या घरात सोडली. तळाला पाण्यात एक चकती ठेवली. वीज लावली की ती पाण्याचे थंड धुके करते. बटण दाबताच माझ्या पोटातले पाणी थरथरले, धुके भरून आले, आणि मित्रांनो, मला जुनेच ओळखीचे वजन जाणवले. धुक्याने वेटोळे घातले. मग ते संथपणे वर उठले, झाकणाखाली रुंद झाले आणि नळीतून निघून गेले.

"काय मस्त!" निवेदिताने टाळी वाजवली.

"पंख्यामुळे गोल फिरतंय ते," सर म्हणाले. खरे तर कोणी विचारले नव्हते.

गुंडू सरपटत काचेशी आला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे दुधाळ निळसर झाले होते. अगदी तेच डोळे! माझ्या वाट्याला येणाऱ्याचे असेच होते की काय, या विचाराने मी गारठले. वनमालाताईंनीही ते उंबरठ्यापलीकडून पाहिले.

"अगोबाई, आंधळा झाला का हा?"

"नाही आत्या, कात टाकायच्या आधी असंच होतं. मग साफ होतील."

"बेचारा," वनमालाताई म्हणाल्या. या घरात गुंडूला हा शब्द प्रथमच मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवेदिता ऑफिसात होती आणि सर गोरखी भागात कोणाला तरी भेटायला गेले होते. पडदे ओढलेले, बाहेर पांढरे फटफटीत ऊन आणि आत अंधार. अशा वेळी दार करकरले. वनमालाताई उंबरठा ओलांडून आत आल्या. त्यांच्या हातात टोपी बाजारातून आणलेली खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, अत्तराची कुपी होती. दर उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यात त्या खस टाकत, तेव्हा कुठे त्यांना उन्हाळा सोसवत असे. त्यांनी माझे झाकण उचलले.

"घे रे बाबा, तुलाही थंडक," म्हणून कुपी कलती केली आणि समाधानाने पडायला गेल्या.

धुके सुगंधी झाले. गुंडूने मान वर केली. तोंड उघडले. ते मिटेना. श्वासाबरोबर शिटीसारखा बारीक आवाज येऊ लागला. दुधाळ डोळे, उघडा जबडा, आणि मीच त्याला ते धुके पाजत होते! मला ओरडायचे होते. पण ओरडायला बरणीकडे काय असते?

तेवढ्यात आतून कोणीतरी टेकले. पूर्वीसारखे. मग एकच धक्का बसला आणि मी वरपासून खालपर्यंत तडकले.

पाणी टेबलावरून फरशीवर आले, दाराखालून वाहत वनमालाताईंच्या खाटेपर्यंत गेले. धुके थांबले. खाटेवरून खाली सोडलेले पाय ओले झाले तशा त्या धावत आल्या, गुंडूला पाहिले आणि निवेदिताला फोन लावला.

निवेदिता आली ती खसाच्या वासानेच दारात थबकली. तिने गुंडूला उचलून मोकळ्या हवेत नेले.

"आत्या, ह्यात काय टाकलंस? सच सांग."

"खस गं. कूलरमध्ये टाकते तसं दोन बूंद. गर्मीनं हैराण झाला होता ना तो."

निवेदिता रागाने काही बोलणार होती. मग तिला फरशीवर ओल्या पावलांचे ठसे दिसले, खोलीच्या आतले.

"तू आत गेलीस? त्याच्यासाठी?" तिने आत्याचा हात धरला. "त्याला वास नाही चालत गं. फक्त पानी."

डॉक्टरांच्या औषधाने गुंडू वाचला. नव्या डब्याच्या धुक्यात त्याने कात टाकली, अखंड, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. त्याचे डोळे काळेभोर निघाले. सरांनी माझ्या तड्यावरून आतून बाहेरून बोट फिरवले, बराच वेळ.

"काच जुनी होती," ते म्हणाले. याही वेळी कोणी विचारले नव्हते.

मला कोणी फेकले नाही. वनमालाताईंनी ती कात स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवली. आता माझ्या पोटात पुन्हा साप आहे, पण तो मेलेला नाही. तो शेजारच्या खोलीत उंदीर पचवत पडला आहे.

मित्रांनो, एखादा जीव पाळलात तर त्याला काय सोसते ते आधी जाणून घ्या. आपल्याला जे सुखाचे वाटते ते त्याच्या श्वासात ओतू नका, प्रेमानेसुद्धा नाही. आणि कधी आमच्या घरी आलात, तर माझ्या काचेवर टकटक मात्र करू नका.

हल्ली आतून उत्तर येते.