बाणांची चार बटणं

बाबांनी डोळे मिटले, कीबोर्डवर एक बोट टेकवलं आणि एकच बटण सात-आठ वेळा दाबून पाहिलं. मग मान तिरकी करून पुन्हा एकदा दाबलं.

"बॉबिन सैल बसलीय," ते म्हणाले.

"बाबा, याच्यात बॉबिन नसते."

"नसू दे. पण सैल बसलीय."

काउंटरपलीकडे दुकानदार हसू दाबत होता. भिंगरीने कपाळाला हात लावला. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून बाबांनी भिंगरी म्हणायला सुरुवात केली. आता एकोणीस वर्षांची घोडी झाली, खुर्चीला खिळल्यासारखी तासन् तास गेम खेळत बसते, तरी भिंगरी ती भिंगरीच. बाबा शिंपी. तीस वर्षं शिलाई मशीनपाशी बसून त्यांचा कान असा तयार झाला होता की भिंतीपलीकडच्या मिक्सरचीही तब्येत सांगायचे.

काउंटरवर आता दोनच कीबोर्ड उरले होते. दोन्ही मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. दोन्ही आखूड. आखूडच हवा होता, कारण घरातलं टेबल एक आणि त्याच्या अर्ध्यावर बाबांचं कटिंग चालायचं. कैची, पट्टी आणि कापडाचे तुकडे वगळून जी जागा उरेल तीत भिंगरीचा सगळा संसार. शनिवारी गेम खेळणाऱ्या एका मोठ्या संघाची निवड चाचणी होती. दोन वर्षं ती त्याच्यासाठी घासत होती, आणि परवा नेमका तिच्या लहानपणापासूनच्या स्वस्तातल्या कीबोर्डवर चहा सांडला. पुसला, उन्हात ठेवला, आईने ड्रायर फिरवला. गेला तो गेलाच.

"मग आता घोडं पेंड खातंय कुठे?" बाबांनी विचारलं. "हा काळा तुझ्या हाताला बसतोय. मघापासून बघतोय, बाकीच्यांवर तू टाइप करतेस आणि याच्यावर बोटं नुसती खेळतात."

खरंच होतं. काळ्याची बटणं इतकी हलकी की मनात आलं की दाबलं जायचं. आकाराने तर एवढासाच. उजवीकडे माउस फिरवायला ऐसपैस जागा राहिली असती. त्या संघातली सगळी मुलंमुली तसलाच वापरायची. राखाडी दोन बोटं लांब होता आणि त्याची बटणं जरा टणक.

"यात बाण नाहीत, काका," दुकानदार काळ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "म्हणजे आहेत, पण लपवलेले. हे बटण दाबून धरायचं, मग अक्षरांचे बाण होतात. राखाडीत चारही बाण कोपऱ्यात बसवलेत."

"बाण नाहीत?" बाबा म्हणाले. मग लगेच, "नसू देत. बाण हवेत कुणाला! तीर मारायचेत का आपल्याला?"

आणि स्वतःच्याच विनोदावर ते गरजेपेक्षा जरा जास्त हसले.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंगरीला ठाऊक होतं बाण कुणाला हवेत ते. दर रविवारी सकाळी, बाबांचं दुकान उघडायच्या आधी, बापलेक एकाच कीबोर्डवर गाड्यांची शर्यत खेळायची. ती पाच वर्षांची असल्यापासून. डावीकडची अक्षरं तिची, उजवीकडचे चार बाण बाबांचे. लाल गाडी तिची, निळी बाबांची. किती शर्यती कुणी जिंकल्या त्याच्या रेघा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, बाबांच्याच कापडावर खुणा करायच्या खडूने ओढलेल्या. तिच्या रेघांनी अख्खं दार भरलं होतं. बाबांच्या चार, आणि त्यातल्या दोन तिला ताप असतानाच्या.

पण रविवारची शर्यत म्हणजे काय, अर्धा तास. चाचणी म्हणजे पुढची सगळी वर्षं. सकाळी घरातून निघतानाच तिने मनाला बजावलं होतं, भावनेच्या भरात काही करायचं नाही. तिने काळा कीबोर्ड पुढे ओढला.

"हाच द्या," ती म्हणाली.

"थांबा थांबा," बाबा म्हणाले. कापड घेतानासुद्धा ताणून पाहिल्याशिवाय ते घ्यायचे नाहीत. त्यांनी दोन्ही पंजे कीबोर्डवर सपाट ठेवले आणि पोळपाट दाबावा तसे दाबले. "असं सगळं एकदम दाबलं तर गोंधळ नाही ना होणार?"

"अजिबात नाही. हे दोन्ही सगळी बटणं घेतात. स्वस्तातल्यांचं तसं नसतं. तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं गिळून टाकतात. लहान भावंडं एकाच कीबोर्डवर खेळतात ना, त्यांच्यात त्यावरून मारामाऱ्या होतात. एक जण नुसता बदडत असला ना, की दुसऱ्याचं बटण लागतच नाही. त्या बिचाऱ्याला वाटतं आपल्यालाच खेळता येत नाही."

"असं होय!" बाबा म्हणाले. त्यांना नवी माहिती मिळाली की आनंदच व्हायचा. "ऐकलंस का गं?"

भिंगरीने ऐकलं होतं.

चौदा वर्षं. दर रविवारी वळणावर बाबांची निळी गाडी सरळ जाऊन गवतात घुसायची. दर रविवारी बाबा म्हणायचे, "अगं, दाबलं होतं मी! शपथ!" आणि दर रविवारी ती टाळ्या पिटत ओरडायची, "रडीचा डाव! रडीचा डाव!" मोठी झाल्यावर टाळ्या थांबल्या, पण ते दोन शब्द काही सुटले नव्हते. गेल्याच रविवारी म्हणाली होती. माणूस खरं बोलत होता आणि पोटच्या पोरीने त्याला चौदा वर्षं रड्या ठरवलं होतं.

दुकानदाराने काळ्याचा खोका शोधायला पाठ वळवली.

"तो नको," भिंगरी म्हणाली. "राखाडी द्या."

बाबांनी चमकून पाहिलं. "अगं, पण काळा—"

"राखाडी."

"माप अंगाचं घ्यावं, भिंगरे. भिडेखातर घेतलेला कपडा खुंटीवरच राहतो. शनिवार आहे ना तुझा?"

"शनिवार माझा आहे. म्हणून कीबोर्डपण मीच ठरवणार. आणि टणक बटणं बरी असतात, चुकून दाबली जात नाहीत."

हे तिने तिथल्या तिथे रचलं होतं. बाबांनी खिशातली टेप काढून उगाचच राखाडी कीबोर्ड मोजला.

घरी आल्यावर आईने खोका उघडून पाहिला. "एवढासाच? उरलेला तिथेच विसरलात की काय?"

"असाच असतो," बापलेक एकदम म्हणाली.

"छान. दिवसेंदिवस वस्तू लहान आणि वेड मोठं," असं म्हणत आई आत गेली.

भिंगरीने खरं तर तडक सरावाला बसायला हवं होतं. त्याऐवजी तिने शर्यत लावली.

"आज कुठे रविवार आहे?" बाबा म्हणाले. पण हातातली कैची खाली ठेवून, स्टूल सरकवून बसलेसुद्धा. राखाडी कीबोर्ड इतका आखूड होता की दोघांची कोपरं एकमेकांना लागत होती.

पहिलंच वळण आलं. दोघांनी एकदम बटणं दाबली. निळी गाडी झोकात वळली.

"लागलं!" बाबा स्टुलावरून उठलेच. "बघितलंस? लागलं गं!"

"बसा. पुढे बघा."

दुसरं वळण, तिसरं वळण. निळी गाडी कुठे म्हणून गवतात गेली नाही. भिंगरी मुद्दाम हळू जात नव्हती. तिने सगळं पणाला लावलं होतं, आणि तरी बाबा पुढे होते. चौदा वर्षं हरून हरून माणूस चांगलाच तयार झाला होता. शेवटच्या सरळ रस्त्यावर निळी गाडी तीन गाड्यांचं अंतर राखून होती. भिंगरीला हसू आवरेना. जिंका, ती मनातल्या मनात म्हणाली, जिंका एकदाचे.

समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींची रेषा दिसली आणि निळी गाडी मंदावली.

परत बटण गिळलं? नवाकोरा कीबोर्ड! तिने झटकन खाली पाहिलं. बाबांचं बोट गाडी पुढे नेणाऱ्या बाणावर नव्हतंच. ते बटणापासून वीतभर वर, हवेत थांबलं होतं.

तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते, लाल गाडी पुढे जायची वाट बघत.

"बाबा, बोट."

"अं?" बाबांनी खाली पाहिलं. स्वतःचंच बोट त्यांना नवीन दिसलं. "अरेच्चा! सवय गं. लहानपणी हरलीस की जेवायची नाहीस तू. दोन-दोन तास रुसून बसायचीस. रेषा दिसली की ते आपोआपच उचललं जातं."

भिंगरीने कपाटाच्या दाराकडे पाहिलं. दारावरच्या रेघांतल्या किती कीबोर्डच्या आणि किती या बोटाच्या, ते आता मोजता येणार नव्हतं.

"रडीचा डाव, बाबा," ती शेवटी म्हणाली, आणि आपलंही बोट उचललं.

लाल गाडी निळीच्या शेजारी येऊन थांबली. रेषा चार हातांवर होती.

"जा की," बाबा म्हणाले.

"तुम्ही जा."

"माझ्या गाडीतलं पेट्रोल संपलं."

"माझ्यापण."

आई चहाचे कप घेऊन बाहेर आली. कीबोर्डपासून चांगलं हातभर लांब तिने ते ठेवले आणि पडद्याकडे पाहिलं. दोन गाड्या जागच्या जागी घुरघुरत उभ्या होत्या.

"झालं?" ती म्हणाली. "हाही बंद पडला?"

"छे," बाबा म्हणाले. "याची सगळी बटणं चालू आहेत."