पट्टीची मागची बाजू

जुन्या गाड्यांच्या चकचकीत पट्ट्यांना पॉलिश करणारा त्या बाजारात एकच माणूस उरला होता. त्याला सगळे आरसेकाका म्हणत, कारण त्याने घासलेल्या पट्टीत बघून खुशाल दाढी करावी, अशी त्याची ख्याती होती. स्वभावाने मात्र सुंभ जळला तरी पीळ न जळणारा. सख्ख्या थोरल्या भावाशी, दादाशी, तो अकरा वर्षं बोलला नव्हता. आणि दादा राहत होता दोनच गल्ल्या पलीकडे.

पूर्वी दोघांचं दुकान एकच होतं. दादा हातोडीचा, धाकटा चाकाचा. चेपलेली स्टीलची पट्टी दादा लाकडी ठोकळ्यावर पालथी घालायचा, मागून लहान हातोडीचे ठोके देत पोचा वर काढायचा आणि राहिलेले उंचवटे कानशीने सपाट करायचा. मग धाकटा ती पट्टी फिरत्या कापडी चाकावर धरून चमकवायचा. कानस जिथे फिरते तिथला पत्रा पातळ होतो, आणि पातळ पत्रा चाक कधी खाईल याचा नेम नसतो. म्हणून दादाने एक रीत घालून दिली होती. अशा जागी पट्टीच्या मागे तो टोच्याने टिंबं द्यायचा. एक टिंब म्हणजे जपून. दोन म्हणजे हलक्या हाताने. तीन म्हणजे चाकाला लावायचंच नाही, हाताने घासायचं. धाकट्याने चाकाला लावण्याआधी मागून अंगठा फिरवायचा, बस्स. वीस वर्षांत एक पट्टी वाया गेली नव्हती.

मग एका जुन्या गाडीची दाराखालची लांब पट्टी आली. तसली दुसरी शोधून सापडली नसती. धाकट्याने अंगठा फिरवला, हाताला काही लागलं नाही, म्हणून त्याने ती चाकाला लावली आणि बघता बघता तिला नखाएवढं भोक पडलं. गाडीचा मालक समोरच उभा होता. त्याच्यादेखत धाकटा म्हणाला, दादा, तू टिंबं दिलीच नाहीस. दादा म्हणाला, दिली होती. मालकाने दोघांचा उद्धार केला, पट्टी हिसकावून घेतली आणि तो चालता झाला, त्यामुळे उलटून बघायचीही सोय उरली नाही. संध्याकाळपर्यंत शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी दुकान बंद करताना दादा म्हणाला, "दिली होती बहुतेक."

त्या एका 'बहुतेक'वर धाकट्याने अकरा वर्षांचा अबोला उभारला. दादाने हातोडी खाली ठेवली ती कायमचीच, आणि एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे-बिजागऱ्या विकायला उभा राहिला. एवढ्या सोन्यासारख्या हातांचं असं झालं, याचं धाकट्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण चूक ज्याची त्याने आधी बोलावं, हे त्याचं ठरलेलं होतं.

आता दादाने दोन महिन्यांपासून अंथरूण धरलं होतं. भावाला बघून या, म्हणून आरसेकाकाची बायको रोज सांगायची, आणि तो रोज हूं म्हणायचा.

अशात एका सोमवारी एक बाई जुन्या चादरीत बांधलेल्या पट्ट्या घेऊन दुकानात आली. वडील गेले, त्यांची गाडी पुन्हा उभी करायची आहे, म्हणाली. गाठोडं सोडलं, तर मध्येच ती पट्टी. भोकासकट. बाईला मागचं काही ठाऊक नव्हतं. ही एक फुकट गेलेली दिसते, एवढंच ती म्हणाली. ती गेल्यावर आरसेकाकाने पट्टी उलटी केली आणि भोकाच्या कडेने अंगठा फिरवला. एक. दोन. तीन.

मग त्याला हातमोजे आठवले. पट्टीला भोक पडलं त्याच आठवड्यात त्याने हौसेने नवे, जाड कातड्याचे हातमोजे घेतले होते. कातड्यातून टिंबं लागतात थोडीच. पण वीस वर्षांची सवय अशी, की अंगठा फिरवला म्हणजे बघितलं, असं तो धरून चालला होता. तो खोटं बोलला नव्हता, फक्त चुकला होता, आणि शिक्षा भोगत होता दादा.

दुपारी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "अहो, मग बसलात काय? उठा, आत्ताच्या आत्ता जा."

"हे भोक घेऊन जाऊ?" तो म्हणाला. "अर्धं काम कुणाला दाखवायचं नाही, हे दादानेच शिकवलंय मला. आधी बुजवतो, चमकवतो, मग त्याच्या हातात देतो."

बायकोने कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं तर त्यात निव्वळ हट्ट नव्हता. अकरा वर्षांनी रिकाम्या हाताने दादासमोर उभं राहायचं त्याला धाडस होत नव्हतं. कामाच्या आड लपायची त्याला जन्माची सवय होती.

त्याने भंगारातून त्याच जातीच्या स्टीलचा तुकडा कापला आणि शेजारच्या वेल्डरकडून भोकात बसवून घेतला. टिंबांना धक्का लागू नये म्हणून तिथे स्वतः बोट ठेवून बसला आणि बोट भाजून घेतलं. मग कानस, मग खरखरीत पॉलिश पेपर, मग मऊ, मग त्याहून मऊ. चाकाला त्याने पट्टी लावलीच नाही. तीन टिंबं होती ना, सगळं हाताने घासलं. घासताना मनात दादाशी बोलणं चालायचं. बघ, सांधा कुठे आहे ते शोधून दाखव. आणि मनातला दादा डोळे बारीक करून म्हणायचा, जमलंय रे. असे सहा दिवस गेले. बायकोने रोज विचारलं, रोज थोडं काम बाकी होतं.

रविवारी सकाळी शेवटचा हात फिरवत असताना पुतण्या, दादाचा मुलगा, दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. "काका, चला," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडाकडे बघूनच आरसेकाका काय ते समजला आणि चपला घालून निघाला.

चार दिवसांनी तो पट्टी कापडात गुंडाळून वहिनीकडे गेला. वरातीमागून घोडं नेतोय, हे त्याला कळत होतं, पण न नेऊन जाणार कुठे? खोलीत पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती. वहिनी खिडकीशी बसली होती. तिने पट्टी हातात घेतली, तीत तिचा चेहरा दिसला. छान झालीय, म्हणाली.

"वहिनी, उलटी करा. मागून बोट फिरवा."

तिने फिरवलं. टोच्या मारणारे हात तिने तीस वर्षं बघितले होते, तिला सांगावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे दिली होती यांनी," ती म्हणाली. "मला म्हणायचे, मीच विसरलो असेन. धाकटा कधी खोटं बोलायचा नाही."

आरसेकाकाला रडू आवरेना. हुंदके देत तो म्हणाला की पट्टी लखलखीत करून दादाच्या डोळ्यांसमोर धरायची होती, म्हणून थांबलो.

"डोळे कुठे राहिले होते, भावोजी? वर्ष झालं त्यांना दिसेनासं होऊन, बाहेर कुणाला कळू दिलं नाही," वहिनी म्हणाली. "सगळं बोटांनीच ओळखायचे. माझ्या पदराचा काठसुद्धा."

मग वहिनीने डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ही सापडली कधी तुम्हाला?"

परवाच, असं म्हणता आलं असतं. पण धाकटा कधी खोटं बोलायचा नाही, हे दादा सांगून गेला होता.

"गेल्याच्या गेल्या सोमवारी," तो म्हणाला.

वहिनीने उठून पट्टी पलंगावर ठेवली, पालथी, टिंबं वर करून.