धावड्यावरचा चुना

चिचगडच्या केवळरामला आपल्या जंगलज्ञानाचा भारी गर्व. बाकीचे लोक चारोळी तोडायला दोघं-तिघं मिळून जायचे, हा गडी एकटा. ज्ञान कसलं अन् काय, सगळी करामत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या डबीतल्या चुन्याची. आत जाताना वीस-वीस पावलांवर झाडाला अंगठ्याने चुन्याचा ठिपका लावायचा, तोही झाडाच्या पलीकडच्या अंगाला. म्हणजे परतताना ठिपके समोर दिसायचे, आणि ते धरून घर गाठायचं. ही रीत त्याच्या बापाची. पण जंगल काही कोणाच्या बापाचं नसतं.

परवा सकाळी गेलेला केवळराम अजून परतला नव्हता. गावकऱ्यांनी काल दिवसभर नाल्यापर्यंतचं रान पिंजून काढलं. आज उजाडताच त्याची बायको सुलोचनाबाई आणि कॉलेजात शिकणारी लेक खुशी पुन्हा निघाल्या. सुलोचनाबाईच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. नवरा भांडखोर होता, हट्टी होता, पण तिचा होता, आणि तो जिवंत सापडला पाहिजे एवढंच तिला कळत होतं.

नाला ओलांडल्यावर धावड्याच्या गुळगुळीत खोडावर पांढरा ठिपका दिसला. छातीच्या उंचीवर, अंगठ्याएवढा. तिच्या जिवात जीव आला. पुढे दुसरा, मग तिसरा. दोघी जवळजवळ धावतच निघाल्या. तास होत आला तरी ठिपके संपेनात. इतक्या वाटेत एक पाखरू बोललं नव्हतं, हे सुलोचनाबाईच्या उशिरा ध्यानात आलं.

खुशी थांबली. तिने एका ठिपक्यावर नख घासलं. बोटाला चुना लागला नाही. ठिपक्याच्या आतून हिरवं निघालं.

"माय, हा चुना नाही. सालीवर दगडफूल वाढते ना, तसलं काही आहे. जिवंत आहे हे."

"मसाल्यात टाकतो ते?"

"त्याच्याच जातीचं. एवढं व्हायले वर्षं लागतात."

"मंग असं रांगेनं काऊन आहे?"

खुशीने पुढच्या झाडावरचा ठिपका खरवडला. तोही आतून हिरवा.

सुलोचनाबाईचं डोकं आता चालू लागलं. अक्कल गहाण ठेवून आलो आपण! नवऱ्याचे ठिपके आत जाणाऱ्याला दिसतच नाहीत, मागे वळून पाहावं लागतं. हे तर सगळे समोरून दिसत होते. ती वळली. मागच्या झाडाच्या आतल्या अंगाला एक ठिपका होता. तिने बोट लावलं. बोट पांढरं झालं.

म्हणजे केवळराम इथवर आला होता. चारोळी तोडता तोडता झाडांभोवती फिरला असेल, दिशा चुकली असेल, आणि मग त्याला समोर हे जिवंत ठिपके दिसले असतील. समोर ठिपके म्हणजे घराची वाट, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तो आपल्या मते हरवलाच नव्हता. दोन दिवस तो घरीच चालला होता.

"अजी," ती जिवाच्या आकांताने ओरडली. "अजी, कोठी आहा तुम्ही?"

आतून, फार आतून, उत्तर आलं. आवाज त्याचाच, दमलेला, पण मजेतला.

"येऊन राहिलो ना. बोंबलतेस कायले?"

"तिथंच थांबा. आम्ही तुमच्या मागं आहो. तोंड फिरवा, मागं या."

खुशीने आईचा दंड घट्ट धरला. मग तो बोलला, पहिल्यापेक्षा लांबून.

"मागं कशी असशील वो? दारात त उभी आहेस."