त्रेचाळीस नंबरचा कागद

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. पस्तीस वर्षं दफ्तरखान्याच्या वाचनकक्षात काढल्यावर कुणाचाही होईल. नव्वद साली एका पाद्रीबाबांनी जुना नकाशा विजारीच्या पायात घालून पळवला होता. पाद्रीबाबांनी! तेव्हापासून सुट्ट्या कागदांचा प्रत्येक गठ्ठा मी देताना काट्यावर ठेवते आणि परत घेतानाही ठेवते. लोक हसतात, हसू देत.

एम्लिन बेनन लागोपाठ तिसऱ्या मंगळवारी येऊन तोच गठ्ठा मागायला लागला, तेव्हा माझे कान उभे राहिले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, आमच्या खोऱ्यातल्या पुरुषांच्या गायनवृंदात पन्नास वर्षं गायलेला. त्याला आताच कुठून इतिहासाचं वेड लागलं? आणि मागायचा काय, तर एकोणीसशे सव्वीसच्या संपातले कोळशाच्या खाणीच्या मॅनेजरचे कागद! समोर ठेवले की पानं उलटायचा नाही. मीच कधी वळतेय ते बघत बसायचा.

त्या गठ्ठ्याशी माझंही जुनं वैर होतं. त्या साली अख्खं खोरं सात महिने उपाशी बसलं. ऑक्टोबरात एका पहाटे बावीस माणसं संप मोडून लपतछपत खाणीत उतरली. मॅनेजरने त्यांची यादी केली, नाव आणि पुढे ज्याच्या त्याच्या खाणीतल्या दिव्याचा नंबर. एकवीस नावं बेचाळीस नंबरच्या कागदावर आहेत. बाविसावं पुढच्या कागदावर होतं, आणि तो कागद गठ्ठ्यात नाही. ब्याऐंशी साली तपासणी झाली तेव्हा बेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस निघाला, म्हणून तिथे चिठ्ठी लावली: 'त्रेचाळीस आढळत नाही'.

एकवीस जणांना लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाविसावा मागच्या वाटेने, तोंडावर कोट ओढून गेला. तो कोण, हे खोऱ्याने घरबसल्या ठरवून टाकलं: आयव्हर प्रॉसर. म्हणजे माझे आजोबा. का, तर त्या सकाळी ते कुणाला दिसले नाहीत. झालं! चॅपलमध्ये आमच्या बाकावर दुसरं कुणी बसेना. माझ्या वडिलांचा आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं, पण गायनवृंदाने त्यांना तीनदा परत पाठवलं. ते कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभे राहून गायचे. "आजोबा त्या दिवशी डोंगरापलीकडे आत्याकडे होते गं, एरलिस," असं मरेपर्यंत सांगत राहिले.

आता हे सगळं छापलं जाणार होतं. विद्यापीठातली लोवरी नावाची मुलगी गेले वर्षभर आमच्याकडे बसून त्या संपावर प्रबंध लिहीत होती. हुशार, नम्र, आणि माझ्याहूनही संशयी. मागच्या आठवड्यात टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, बाविसावा माणूस आयव्हर प्रॉसर असं मला सात म्हाताऱ्यांनी सांगितलंय. पुढच्या शुक्रवारी प्रकरण द्यायचंय. ते तुमचे कोणी?"

"आजोबा," मी म्हटलं.

"मग तुमच्याकडे काही कागद आहे? नसेल तर मला 'बहुधा प्रॉसर' असं लिहावं लागेल."

बहुधा! त्या एका शब्दाने माझी झोप उडाली. तोंडी कुजबुज माणसाबरोबर मरते तरी. छापलेलं कोण पुसणार?

तर तो तिसरा मंगळवार. लोवरी खिडकीशी, बेनन कोपऱ्यात. मी गठ्ठा तोलून दिला, चारशे बारा ग्रॅम. अकरा वाजता तो परत घेऊन आला, टोपी डोक्यावर, जायच्या घाईत. मी काट्यावर ठेवला. चारशे सतरा.

मी दोनदा पाहिलं. कागद कमी होतात, ते मला ठाऊक आहे. वाढलेले मी पस्तीस वर्षांत पाहिले नव्हते.

"बसा, मिस्टर बेनन," मी म्हटलं.

"बस चुकेल माझी."

"चुकू दे. बसा म्हणते ना!"

तो बसला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मला त्याची जराही दया आली नाही. माझ्या डोक्यात एकच आलं: या म्हाताऱ्याने आजोबांच्या नावाचा खोटा कागद करून आत सरकवलाय. शुक्रवारच्या आधी, लोवरीच्या हातात पडावा म्हणून. याचा बाप संपाचा पुढारी, सभागृहात अजून तसबीर टांगलेली. आमच्या घराण्याला शेवटचा खिळा ठोकायला याच्याइतका लायक दुसरा कोण? मी गठ्ठा सोडला. बेचाळीस. त्याच्याखाली एक पिवळट कागद, दोन घड्या पडलेला.

मी वाचलं. एकच ओळ होती. 'बावीस. विल्यम बेनन, दिवा तीनशे सतरा.'

"हे तर तुमच्या वडिलांचं नाव," मी म्हटलं.

"एक्याऐंशी साली नेला मी," तो खाली बघत म्हणाला. "तू चहा आणायला गेली होतीस. म्हातारा तेव्हा अंथरुणाला खिळला होता गं. त्याची तसबीर खाली उतरवलेली त्याला बघायला लागली असती. म्हटलं, तो गेला की परत ठेवीन. तो गेला, मग आई होती. मग माझी मुलं होती."

"आणि आम्ही? माझे वडील तुमच्याच गायनवृंदाच्या दारात तीनदा उभे राहिले. तुम्ही आत होतात!"

"होतो," तो म्हणाला. "आतून ऐकलंय मी त्याला. पोरी, असा आवाज आमच्यात कुणाचाच नव्हता. या मुलीने प्रॉसरचं नाव लिहायचं ठरवलंय, हे कानावर आलं आणि मग राहवेना."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज चढला तशी लोवरी उठून आली. तिने कागद पाहिला, बेननकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती नजर मला चांगली ओळखीची होती. मी पस्तीस वर्षं लोकांकडे तशीच बघत आलेय.

"बाई, राग मानू नका," ती म्हणाली. "पण हा कागद तेहतीस वर्षं बाहेर होता, तो चोराच्या हातून परत आलाय, आणि त्यात भलं होतंय ते वाचनकक्ष सांभाळणाऱ्या बाईंच्या घराण्याचं. मी हा खरा कसा मानू? उद्या माझे परीक्षक म्हणतील, तुम्ही दोघांनी मिळून केलाय."

"मी शपथ घेतो की," बेनन म्हणाला.

"तुमची शपथ नको, आजोबा."

बरोबरच होतं तिचं. तिच्या जागी मी असते तर पोलिसांना बोलावलं असतं. मी कागद खिडकीशी नेला, कुठे काही पुरावा सापडतो का ते बघायला. शाई, कागद, घड्या, सगळं तपासलं. मग वरचा उजवा कोपरा पाहिला.

गठ्ठा आला की प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घालायचा, ही आमची रीत. हे काम नव्या माणसाचं. 'आकडे घाला, वाचू नका, नाहीतर जन्म पुरणार नाही,' असं पहिल्याच दिवशी बजावतात. या कोपऱ्यात त्रेचाळीस लिहिलं होतं. त्यातला चार वरून उघडा, आणि त्याची शेपूट डावीकडे वळलेली. त्या शेपटीवरून साहेब मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात रोज बोलायचे, शेवटी मी ती काढायची सोडली.

"हा आकडा माझा आहे," मी म्हटलं. "एकोणऐंशीच्या मार्चमधला. तेव्हाच्या नोंदवहीतही माझ्या हातचे असे शेकडो चार सापडतील. ताडून बघ."

लोवरीने वही मागवली आणि भिंग लावून अर्धा तास ताडून पाहिलं. शेवटी मान हलवली. "हे चालेल. तुम्ही निवेदन लिहून द्या, मी नाव बदलते." मग थांबली. "पण बाई, हा कागद तुमच्या हातात होता? आणि एकच तर ओळ आहे. तुम्ही वाचली नाहीत?"

"वाचायचं नाही, असा नियम होता."

"हो, पण तुमच्या आजोबांचा प्रश्न होता ना?"

बेननसुद्धा माझ्याकडे बघत होता.

गठ्ठा कुठला आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. वडिलांना कळलं तेव्हा ते रोज संध्याकाळी विचारायचे, "बघितलंस का गं?" आणि मी रोज सांगायची, "आम्हाला वाचायची परवानगी नसते, बाबा." नियम कसला! बेचाळीसपासून मी डाव्या हाताने मजकूर झाकून फक्त कोपरे पुढे ओढले होते. नंतर बारा वर्षं बाबा जगले. मी तो कागद वाचला असता, तर त्याच संध्याकाळी त्यांना सांगता आलं असतं.

मी निवेदनाचा कागद ओढला आणि तारीख घातली. 'सदर कागदावर मी स्वतः आकडा घातला. मजकूर वाचला नाही.' लोवरी म्हणाली, "कारणही लिहा, बाई. परीक्षक विचारतील."

मी पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि लिहिलं, 'तिथे आजोबांचंच नाव असेल, अशी माझी खात्री होती.'