नवं कार्ट्रिज आणि बाबांचे कान

रेकॉर्ड प्लेयरला नवं कार्ट्रिज मी बसवलं. एकटीने. कार्ट्रिज म्हणजे दांड्याच्या टोकाची सुईवाली डबी, बोराएवढी, आणि तिला जोडायच्या केसासारख्या बारीक तारा. चिमट्याने एकेक तार सरकवताना मी श्वाससुद्धा चोरून घेत होते. बाबा हाताची घडी घालून शेजारी बसले होते. ते पियानोचे सूर लावतात. आमचं घर त्यांच्या कानांवर चालतं. "चुकलीस तरी बोलणार नाही," म्हणाले, आणि खरंच बोलले नाहीत.

मग रेकॉर्ड लावली. गाणारी बाई जणू पत्र्याच्या डब्यात बसून गात होती. तिचा प्रत्येक 'स' तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरत होता. पण आई म्हणाली, "वा, काय गोड वाजतंय." आत्याला एरवी माझा चहाही पटत नाही, तीसुद्धा म्हणाली, "पोरीच्या हाताला गुण आहे बाई." मग मीही मान डोलावली. चालून आलेलं कौतुक कोण परत पाठवतं? बाबांनी आधी एक कान दाबून पाहिला, मग दुसरा, आणि हळूच म्हणाले, "छान."

त्यानंतर त्यांचं बिनसलं. नुकतीच मोठी सर्दी होऊन गेली होती, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. एका दुपारी शाळेतून आले तर ते फोनवर बोलत होते.

"तुमचा पियानो दुसऱ्या कोणाला तरी द्या. माझे कान आता भरवशाचे राहिले नाहीत. घरात सगळ्यांना गोड ऐकू येतं आणि मला नुसती चरचर."

माझं दप्तर खांद्यावरच राहिलं.

"बाबा, ती बाई तुम्हाला पत्र्याच्या डब्यातून ऐकू येते का?"

ते वळले. "तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या कानांनी. मला पहिल्या दिवसापासून तशीच येते."

मी आईला आणि आत्याला बोलावून सुई रेकॉर्डवर टेकवली. "खरं सांगा. माझं मन गेलं खड्ड्यात."

आत्या छताकडे बघू लागली. "घसा बसल्यासारखी वाटते खरी. पण पोरीचा हिरमोड कशाला करा?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडलंय," आई बाबांना म्हणाली, "म्हणून मी रोज दात आवळून ऐकतेय."

बाबा मटकन खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, नव्या सुईमागचं रबर ताठ असतं. नव्या चपलेसारखं. चालवलं की सैल होतं. मी सांगणारच होतो, पण तुम्ही तिघींनी अशी वाहवा केलीत, की मला वाटलं, आपलंच संपलं."

"दादा, तुझ्या कानांना काही होत नाही," आत्या म्हणाली. "लहानपणी मी चोरून खाल्लेली बिस्किटं तुला दोन खोल्या पलीकडून ऐकू यायची."

बाबांनी लगेच तो फोन परत लावला. "पियानो कोणाला देऊ नका. मी निघालोच." पिशवीत पाना टाकता टाकता मला म्हणाले, "त्या बाईला थांबवू नकोस. भरपूर गाऊ दे."

मी आवाज वाढवला. ते जिना उतरत असतानाच आत्या ओरडली, "बंद कर गं ती कटकट."

खालून बाबांचं हसू स्पष्ट ऐकू आलं.