निळ्या टबातली दुपार

आमच्या गावाच्या मते ऑरिन किम्ब्रो अजून पळतोच आहे. बिचारा पहिल्या महायुद्धात कधीचा फ्रान्सच्या मातीत गाडला गेला, पण डुई ट्रास्कच्या दुकानात चार डोकी जमली आणि नदीचा विषय निघाला, की ऑरिन निघालाच पळायला.

झालं होतं असं. मुक्या चित्रपटांचे दिवस होते. एका सिनेमा कंपनीने इथे वायोमिंगमध्ये, आमच्या नदीकाठी तंबू ठोकले आणि गावातली तरणी पोरं घोड्यांसकट कामाला लावली. नदी ओलांडायच्या सीनमध्ये ॲल्वी ट्रास्क घोड्यावरून पडला आणि वाहून गेला. त्याचा भाऊ क्लेम काठावर होता. त्याने गावभर सांगितलं, की जिवलग दोस्त म्हणवणारा ऑरिन पाण्यातून बाहेर पडला आणि घोडा पिटाळत निघून गेला, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ऑरिन घरी येऊन धाकट्या बहिणीला एवढंच म्हणाला, "दोर सुटला गं." कुठला दोर, हे तिने विचारायच्या आत तो सैन्यात गेला, आणि गेला तो गेलाच. पुढे कंपनीही बुडाली. 'मध्यरात्रीचा उतार' नावाचा तो पिक्चर कुठे लागलाच नाही.

ती धाकटी बहीण म्हणजे हेस्टर, माझी शेजारीण. ऐंशीला टेकली, पण जिभेची धार तशीच आहे. मी लोर्ना हॅस्केट, गावातलं एकुलतं एक थिएटर चालवते. मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. लोक सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकते.

यंदाच्या वसंतात जुन्या हॉटेलचं बर्फघर पाडलं. लाकडाच्या भुशाखाली एक पेटी निघाली, आणि पेटीत फिल्मचे डबे. झाकणावर 'मध्यरात्रीचा उतार'! ही जुनी फिल्म उन्हाच्या तावाने पेट घेते, म्हणून कंपनीने गारव्याला ठेवली असणार. मी हात लावला नाही, विद्यापीठातल्या फिल्मवाल्या मिस व्हानेकला बोलावून घेतलं. "अर्धं सडलंय," ती नाक दाबून म्हणाली. "उरलेल्याची नवी प्रत काढून पाठवते."

हेस्टर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. समोर रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री ठेवली, तिने काटासुद्धा उचलला नाही.

"त्यात तो दिवस असेल का गं?"

"असेलही, नसेलही."

"माझा भाऊ पळाला की नाही, एवढंच मला बघायचंय, लोर्ना. पळाला असेल तर पळाला. पण ते ट्रास्कांच्या तोंडून ऐकून कान किटलेत माझे. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

प्रत आली. रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव थिएटरात. क्लेमचा मुलगा डुई पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसला होता, जसं काही त्याच्याच घरचं लग्न. पिक्चर सुरू झाला आणि कुणाला काही कळेना. आधी 'पिवळा' असा हाताने लिहिलेला शब्द चमकला, मग पाठलागच पाठलाग. मेलेला शेरीफ पुढच्या तुकड्यात उठून कॉफी पितोय!

"लोर्ना, डबे उलटे लावलेस का गं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझं डोकं उलटं लागलंय. गप बस!"

मग नदी आली. ऑरिन घोड्यावर हसत काहीतरी बोलतोय. शेजारी ॲल्वी. ॲल्वीचा घोडा अडखळतो, ॲल्वी पाण्याखाली जातो. ऑरिन, टोपी गेलेला, घोडा काठावर चढवतो आणि भरधाव सुटतो. तुकडा तिथेच संपला.

डुईने आवाजसुद्धा चढवला नाही. "बघितलंत? बाबा खोटं बोलत नव्हते."

पुढे 'निळा' असा शब्द आला. शेकोट्या, मेणबत्त्या, नदीत दोर फेकणारा कुणीतरी. पण लक्ष कुणाचं होतं? नाटकच ते, म्हणून लोक उठून चालू लागले. हेस्टर दारात म्हणाली, "चला, बघितलं एकदाचं." तिचा तो शांत आवाज ऐकून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

सकाळी फिल्म पुन्हा टेबलावर काढली. एक गोष्ट मला काही सुचू देत नव्हती. नाव मध्यरात्रीचं, मग पिक्चरभर ऊन कसं? आणि काळ्यापांढऱ्या फिल्मवर 'निळा' कशाला लिहायचं? मिस व्हानेकला फोन लावला.

"अहो, तेव्हा रात्र भर दुपारीच काढायचे," ती म्हणाली. "अंधारात त्या कॅमेऱ्यांना दिसणार काय? मग प्रत निळ्या रंगाच्या टबात बुडवली, की झाली रात्र. दिवस पिवळ्या टबात. एका टबात जायचे ते सगळे तुकडे एकत्र बांधून ठेवत. गोष्टीप्रमाणे जोडायचे ते रंगवून झाल्यावर."

"म्हणजे काल आम्ही टबांच्या क्रमाने पिक्चर बघितला?"

"अगंबाई! मी सांगायला हवं होतं."

"आणि एकाच शॉटचा अर्धा तुकडा दिवसात नि अर्धा रात्रीत, असंही करत?"

"सर्रास. चांगला शॉट मिळाला की दोन ठिकाणी वापरायचे."

मी फोन ठेवला तो कसा ठेवला, मला आठवत नाही. 'पिवळ्या'तल्या त्या तुकड्याची शेवटची चौकट भिंगाखाली धरली. घोड्याचा पुढचा पाय हवेत. मग 'निळ्या'तले नदीचे तुकडे एकेक करून बघत गेले. एकाच्या पहिल्या चौकटीत तोच घोडा, तोच बिनटोपीचा स्वार, आणि तोच पाय, जरासा खाली आलेला. मध्ये फक्त कुणाची तरी कात्री फिरली होती. मी दोन्ही तुकडे जोडले.

दुपारी हेस्टरला बोलावलं. डुईलाही बोलावलं, आणि बजावलं, "पॉपकॉर्न आणू नकोस."

तिघांसाठी दिवे घालवले. ऑरिन भरधाव सुटला, आणि या वेळी तुकडा संपला नाही. घोड्याचा पाय खाली आला, आणि घोडा काठाकाठाने जाऊन पाण्यात घुसला. ऑरिन प्रवाहाच्या पुढे जाऊन, वळणाखालून नदीत शिरला होता! त्याने दोर फेकला. पाण्यातून वर आलेल्या हाताने तो पकडला. ऑरिन छातीभर पाण्यात खाली उतरून ओढतोय, आणि काठाकडे तोंड करून ओरडतोय, जीव तोडून कुणालातरी हाका मारतोय. काठावर एक तरुण उभा आहे, टोपी छातीशी चुरगाळून. तो हलत नाही. कॅमेरावालाही कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचं थांबवत नाही, चित्र चालूच. मग दोर सैल पडला. ऑरिनने तो रिकामा दोर ओढून घेतला आणि हातात धरून बघत राहिला.

"ते बाबा आहेत," डुई म्हणाला. "काठावरचे. असेच उभे राहायचे, एक पाय वाकडा टाकून."

"हो, क्लेमच तो," हेस्टर म्हणाली. "पोहता येत नव्हतं त्याला. पाण्याला फार भ्यायचा."

"मग त्यांनी तसं सांगायचं ना!"

"तू सांगितलं असतंस?"

एवढा धिप्पाड गडी, पण तोंडात रुमाल कोंबून रडला. "मिस हेस्टर, मी दुकानात इतकी वर्षं..."

"उद्या दुकानातच सांग. इतकी वर्षं सांगायचास ना, तेवढ्याच मोठ्याने."

डुई मान डोलावून गेला. मी दिवे लावले.

"दिवे कशाला लावलेस?" हेस्टर खेकसली. "फिल्म पुन्हा लाव."

"अगं, बघितलंस ना? नाही पळाला तो."

"ते बघितलं. दोर बघितला, पाणी बघितलं, क्लेम बघितला. त्या गडबडीत ऑरिनला कुठे बघितलं मी?" तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "त्याचा चेहरा विसरले होते गं मी. सुरुवातीला घोड्यावर हसतोय ना तो, तिथून लाव."