एकशे बारा तास

मित्रांनो, मी एक जुनी उड्डाणवही आहे. वैमानिक मला लॉगबुक म्हणतात. विमान कधी उडाले, कुठे उतरले, किती वेळ हवेत होते आणि ते कुणी चालवले, एवढेच माझ्यात लिहायचे असते. तुमच्या वहीत चूक झाली तर खोडरबर चालते. माझ्यात खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारून शेजारी सही करायची, अशी आमची रीत.

छापखान्यात माझी पाने आखली, हिरव्या कापडी पुठ्ठ्यात मला शिवले आणि एका लहानशा फ्लाइंग क्लबच्या कपाटात मी येऊन पडले. तिथून मला एकवीस वर्षांच्या एका मुलीने घेतले. तिचा थोरला भाऊ त्याच क्लबच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानेच तिला लहानाची मोठी केली. घरी तो तिला चिमणी म्हणायचा. मग सगळा क्लबच चिमणी म्हणू लागला.

ती पहिल्यांदा एकटी उडाली, तो दिवस मला आठवतो. उतरल्यावर ती विमानाच्या पंखाखाली मांडी घालून बसली आणि मला पुढ्यात घेऊन तिने लिहिले, ‘एकटी, पंचवीस मिनिटे.’ बोटे थरथरत होती. ती ओळ अजून वाकडी आहे.

पुढे ती तिथेच शिकवू लागली. क्लबकडे दोनच विमाने, एक निळे आणि एक लाल. दोन्ही म्हातारी. एक उडाले की दुसरे दुरुस्तीला. वर्षाकाठी माझ्यात शंभर-सव्वाशे तास जमले तरी खूप झाले. तिने शिकवलेली मुले मोठमोठ्या कंपन्यांत गेली, गणवेशातले फोटो पाठवू लागली. ती फोटो पाहून छान म्हणायची आणि पुन्हा नव्या मुलाला पट्टा कसा बांधायचा ते दाखवायला जायची. अशी बारा वर्षे गेली.

मग एका कंपनीची जाहिरात आली. या कंपनीत एकेका जेट विमानाचे पाच-सहा वाटेकरी मालक असतात. ज्याला जायचे असेल त्याने कळवायचे, आणि वैमानिकाने त्याला हव्या त्या गावी न्यायचे. सात दिवस काम, सात दिवस घरी. अट एकच होती, पंधराशे तासांचा अनुभव. तिच्याकडे तेराशे अठ्ठ्याऐंशी होते. एकशे बारा कमी. अर्जाची मुदत तीन आठवड्यांची.

तिचा एक जुना विद्यार्थी तिथेच नोकरीला होता. तिने त्याला फोन केला.

“मॅडम, थोडेफार तास सगळेच वाढवतात,” तो म्हणाला. “कोण मोजत बसलंय? तुमच्यासारखा हात कुणाचा आहे तिथे?”

शेवटच्या चार महिन्यांच्या नोंदी तिने चिठ्ठ्यांवर ठेवल्या होत्या, माझ्यात उतरवायच्या राहिल्या होत्या. एका दुपारी दार लावून ती त्या उतरवायला बसली. एक खरे उड्डाण, दोन खोटी. एक खरे, तीन खोटी. मध्येच पेन बदलले, शाई एकसारखी दिसू नये म्हणून. मित्रांनो, त्या दिवशी तिची बोटे अजिबात थरथरली नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

मुलाखत एका काचेच्या खोलीत झाली. समोर पिकल्या मिशांचा मुख्य वैमानिक होता. मी टेबलावरच होते.

“मालकाला घाई आहे आणि हवा वाईट आहे. काय कराल?”

“त्यांना चहा देईन आणि थांबेन.”

“ते ओरडले तर?”

“दुसरा कप देईन.”

तो हसला. नंतर सरावाच्या यंत्रात तिला बसवून त्याने मुद्दाम एक इंजिन बंद केले. ती डगमगली नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “हात चांगला आहे तुमचा. सोमवारपासून या.” मला पडताळणीसाठी त्याने ठेवून घेतले.

ती कामावर रुजू झाली. गणवेशाचे माप दिले. जेटचे प्रशिक्षण सुरू झाले.

नवव्या दिवशी सकाळी मुख्य वैमानिकाने मला उघडले आणि क्लबच्या वर्कशॉपला फोन लावला. फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे पलीकडचा आवाज मी ओळखला.

“तुमच्या लाल विमानाबद्दल विचारायचं होतं. चार महिन्यांपूर्वी ते नियमित उडत होतं ना?”

“लाल? छे हो,” भाऊ म्हणाला. “त्याचं इंजिन मीच उतरवलं होतं. वीस दिवस टेबलावर खोलून ठेवलेलं. रजिस्टरमध्ये सगळं आहे, पाठवू का?” मग जरा थांबून, आनंदाने म्हणाला, “साहेब, चिमणीच्या नोकरीसाठी विचारताय का? माझी बहीण आहे ती. तिच्यासारखी वैमानिक शोधून सापडणार नाही.”

मुख्य वैमानिकाने डोळे मिटले. “पाठवा रजिस्टर,” एवढेच म्हणाला.

त्या वीस दिवसांत, लाल विमानाच्या नावावर, माझ्यात एकतीस तास लिहिलेले होते.

त्याने तिला बोलावले. माझे पान आणि रजिस्टरचे पान शेजारी-शेजारी ठेवले. तिने तारखा पाहिल्या आणि मला मिटले.

“हात चांगला होता तुमचा,” तो म्हणाला.

नोकरी गेली. चौकशी झाली, परवाना रद्द झाला. क्लबनेही तिला पुन्हा घेतले नाही. आता ती एका गोदामात खोक्यांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवते. मला परत पाठवले तेव्हा माझ्या प्रत्येक पानावर लाल शिक्का होता, ‘अमान्य’.

एका रविवारी भाऊ आला. तिने मला त्याच्यापुढे ठेवले. त्याने ग्रीसने काळवंडलेल्या बोटांनी सावकाश पाने उलटली.

“मला आधी सांगायचंस,” तो म्हणाला.

“सांगितलं असतं तर तू खोटं बोलला असतास का, दादा?”

त्याने आणखी एक पान उलटले. “माहीत नाही गं.” मग विचारले, “यातले खरे किती?”

“तेराशे अठ्ठ्याऐंशी.”

“ते तरी धरतील का?”

“नाही. आता एकही नाही.”

तो उठला, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर तो आलेला नाही. तीही त्याच्याकडे जात नाही.

मित्रांनो, मी आता कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. वाळवी लागली तर लागली. तुमच्या हाती माझ्यासारखी एखादी वही आली, तर तिच्या ओळी खुशाल रिकाम्या ठेवा. त्यांचे ओझे आम्हाला होत नाही. पण न घडलेले तिच्यात लिहू नका. तेराशे अठ्ठ्याऐंशी तास ती मुलगी खरोखर आभाळात होती. मी पाहिले आहे. पण माझी साक्ष आता कुणी काढत नाही.